पिवळी हेल्मेटं आणि आबांचं रडणं

आमच्या राजुरीच्या घरात अकरा माणसं, दोन म्हशी आणि एक नियम होता. नियम असा, की थोरल्यांच्या देखत नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. तो कुणी केला हे कुणाला माहीत नव्हतं. आईला आबांना जेवायला बोलवायचं असलं की ती म्हशीला सांगायची, "ताट वाढलंय गं." म्हैस मान हलवायची आणि आबा हात धुवायला उठायचे. तीस वर्षांचा संसार दोघांनी असा काढला. मधे चार म्हशी बदलल्या, पण एकीनंही निरोप चुकवला नाही.

सुनेशी थेट बोलायची तर आबांची पद्धतच नव्हती. माझी बायको समोर उभी असली तरी ते माझ्याकडं बघून म्हणायचे, "तिला म्हणावं, चहात साखर लई पडली." निरोपापुरती नियमाला सूट होती, म्हणून ती माझ्याकडं बघून म्हणायची, "मामंजींना सांगा, टाकलीच न्हाई अजून." मी दोन्ही निरोप पोचवायचो आणि वाटेत थोडी भर घालायचो. कोरडा निरोप माझ्या जिभेवर टिकत नाही, हा माझा जुना आजार आहे.

आळेफाट्यावर माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बायको अवसरी खुर्दची, बारावी झालेली, लग्नाआधी मंचरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. दोन हजार सालाच्या आगेमागे फाट्यावर कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि त्यातल्या एकात तिला शिकवायचं काम मिळालं. आबांनी हो म्हटलं, पण दिवाळीपर्यंतच. "लोकांच्या तोंडात घराचा विषय आला, की त्याच दिवशी बंद," हे त्यांचं वाक्य. त्यात मात्र मी भर घातली नव्हती.

राजुरी ते फाटा आठ-नऊ किलोमीटर, वारा समोरून असला की अठरा. दोघांच्या दोन सायकली. मी पुढं, ती वीस पावलं मागं, कारण जोडीनं सायकल चालवली तर तोही विषय झाला असता. वीस पावलांवरून बोलायचं तर ओरडावं लागे. मी एकदा ओरडून विचारलं, "डब्यात काय हाय?" तर उसाला पाणी भरणाऱ्यानं उत्तर दिलं, "भाकरी आन् ठेचा, या." त्यात मधून ट्रक जायचे. त्या रस्त्यावरचे ट्रक असे, की नुसत्या वाऱ्यानं माझ्या शर्टाची दोन बटणं आजवर बेल्ह्याकडं गेलेली आहेत.

म्हणून मी हेल्मेटं केली. डिंभ्याच्या कालव्याच्या कामावरची पिवळी, कडक प्लास्टिकची दोन हेल्मेटं एका ओळखीच्या मुकादमाकडून आणली. पुण्यात बुधवार पेठेतून खेळण्यातल्या वॉकीटॉकीची जोडी आणली. ती फोडून आतली पट्टी हेल्मेटात बसवली, कानाशी छोटा स्पीकर, तोंडाशी टेपरेकॉर्डरचा माइक, मागं चौकोनी सेल, आणि वर सायकलच्या चाकाच्या आरीची एरियल. हँडलला दारावरच्या घंटीचं बटण. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर कुणालाच काही ऐकू यायचं नाही. त्यामुळं एक बोलत असताना दुसऱ्यानं गप्प बसायचं, ही गोष्ट आमच्या संसारात प्रथमच घडली.

आबांना मी सांगितलं, ट्रकमुळं डोक्याला जपायला पाहिजे. त्यांनी सुनेचं हेल्मेट हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि मला म्हणाले, "डोकं झाकलं जातंय ना?"

"समदं, आबा. पदरापेक्षा जास्ती."

"मग घालू दे तिला."

खोक्यावर पन्नास मीटर लिहिलं होतं. मी एक ट्रान्झिस्टर वाढवला, तसं ते अर्ध्या किलोमीटरवर गेलं. मी लोकांना दोन किलोमीटर सांगायचो. खोडदला आभाळातले आवाज ऐकायला मोठमोठ्या तबकड्या उभ्या केल्यात, तिथल्या शास्त्रज्ञांनी चार महिने माझ्या बायकोचं भोपळ्याच्या भाजीबद्दलचं मत ऐकलं असणार, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

तिला भोपळा आवडत नाही हे मला हेल्मेटातच कळलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि बायकोचा आवाज सलग पाच मिनिटं मी कधी ऐकलेला नव्हता. ती क्लासातल्या गमती सांगायची. एक द्राक्षबागायतदार शिकायला यायचे. कीबोर्डवर ए-बी-सी-डी ओळीनं नाही म्हणून ते रोज म्हणायचे, "मॅडम, माल खराब हाय, बदलून घ्या." मी माझ्या दुकानातल्या गमती सांगायचो. तिच्या खऱ्या असायच्या. गावाची वेस आली की हेल्मेटं बंद, तोंडं बंद, वीस पावलं. म्हणून वेशीआधीचा शेवटचा टप्पा सगळ्यांत दाट बोलण्याचा असायचा. राहिलेलं सगळं तिथं उरकायचं.

श्रावणाच्या शेवटी क्लासचे मालक तिला म्हणाले, मंचरला नवी शाखा काढतोय, ती तुम्हीच सांभाळा. रोज एसटीनं जायचं-यायचं. सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर दुसरं माणूस बघतो.

त्या संध्याकाळी तिनं मला हे चारदा सांगितलं. एरवी ती कुठलीही गोष्ट एकदाच सांगते.

"मामंजींना विचाराल न्हवं?"

"आजच."

विचारायला अवघड होतं. मंचरपासून तिचं माहेर जवळ. सून माहेराकडं नांदायला गेली, असं म्हणायला गावाला पाच मिनिटं पुरली असती. त्या दिवशी मी गोठ्यात आबांच्या शेजारी उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "पेंड संपत आलीय." दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहिलो आणि पावसाबद्दल बोललो. मी फाट्यावर सगळ्या जगाला गप्पांनी लोळवणारा माणूस. आबांपुढं माझ्या तोंडातून फक्त पेंड निघते.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, परत येताना वेशीजवळच्या बाभळीपाशी हेल्मेटात आवाज आला.

"अहो, आज गुरुवार. बोललात का न्हाई?"

मी बटण दाबलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, ही शपथ घ्यायची माझी तयारी आहे.

"बोललो की."

"कधी?"

"सकाळी. गोठ्यात."

"काय म्हनले?"

इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण थांबणं मला जमत नाही. मी म्हणालो, "म्हनले, पोर लई हुशार हाय. आख्ख्या जुन्नर तालुक्यात अशी सून न्हाई. मी तिला उगंच दिवाळीची अट घातली, माझी चूक झाली."

मागं तिच्या सायकलचा ब्रेक करकरला. मग, "मामंजी असं म्हनले?"

"रडले गं."

"मामंजी?"

"ढसाढसा. म्हशीच्या गळ्यात पडून. म्या धरलं म्हनून, न्हाईतर गव्हाणीत गेले असते."

आता गावातल्या देवळाची हकिकत सांगितली पाहिजे. देवळाच्या भोंग्याचा अँप्लिफायर मीच दुरुस्त करायचो. महिन्याभरापूर्वी उंदरांनी माइकची वायर कुरतडली होती. माइकला जाळी गुंडाळलेली जाड वायर लागते, म्हणजे बाहेरचे आवाज आत शिरत नाहीत. ती दुकानात नव्हती, म्हणून मी गाभाऱ्यापासून भिंतीवरच्या अँप्लिफायरपर्यंत साधी बल्बाची वायर ओढली. चांगली चाळीस हात. तिची मोठी एरियल झाली, हे माझ्यासारख्या कारागिराला कळायला पाहिजे होतं. पण तोपर्यंत आमच्या येण्याच्या वेळी भोंगा चालू नसायचा. त्या गुरुवारी हरिपाठ लवकर लावायचा म्हणून पुजाऱ्यानं भोंगा आधीच चालू करून ठेवला होता; कानाशी स्पीकर खरखरत असल्यानं आम्हाला तो ऐकू आला नाही. देवळात तीस-चाळीस माणसं बसली होती. पहिल्या रांगेत आबा होते.

आम्ही हेल्मेटं बंद केली आणि वीस पावलांचं अंतर ठेवून वेशीतून आत आलो. देवळापाशी सगळी माणसं पायऱ्यांवर उभी. मला वाटलं, कुणी गेलं. मग एक म्हातारा, आबांचा पत्त्यांतला भिडू, गंभीर चेहऱ्यानं आबांना म्हणाला, "पाटील, दुख व्हतं तर आमाला सांगायचं. म्हशीला कशापायी तरास?"

दुसरा म्हणाला, "गव्हाणीत पडले असते म्हनं. पोरानं धरलं म्हनून बरं."

मला भोंग्याकडं बघायचीही गरज पडली नाही. चाळीस हात वायर मला एका क्षणात आठवली.

मागं सायकल थांबल्याचा आवाज झाला. बायकोनं हेल्मेट काढून डोक्यावर पदर घेतला. घराचा विषय लोकांच्या तोंडात आला होता, तोही देवळाच्या भोंग्यातून, आणि सोमवार सोडाच, उद्याचं फाट्यावरचं कामही आता गेलं, हे तिला माझ्याआधी कळलं.

आबा पायऱ्या उतरले. सवयीनं माझ्याकडं बघून म्हणाले, "तिला म्हणावं..."

आणि थांबले. माझ्याकडं असं बघितलं, जसं मी बिघडलेल्या सेटकडं बघतो. मग मान वळवून, लग्नाला दोन वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, ते सरळ तिच्याशी बोलले.

"पोरी, ह्यो मला कायबी बोलला न्हाई. पेंडीचं बोलला. तुझं काय हाय ते तू सांग."

तिनं खाली बघून सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला वर बघितलं. मंचरची शाखा, एसटी, सोमवार. भर नाही, फोडणी नाही. मला ऐकताना वाटलं, इतकं छोटं होतं तर मी तीन दिवस काय करत होतो.

"मुक्कामाला राहायचं का?" आबांनी विचारलं.

"न्हाई. रोज परत."

"येस्टी चुकली तर?"

"तर अवसरीला, आईकडं. तसा निरोप देईन."

"कुनाकडून?"

"फाट्यावर ह्यांच्या दुकानाशेजारी फोन हाय."

"मंजे ह्याच्याकडून," आबा म्हणाले. पायऱ्यांवर हशा पिकला. आबा हसले नाहीत. "बगतो," म्हणाले, आणि आत जाऊन हरिपाठाला बसले.

शुक्रवारी ती कामावर निघाली तेव्हा आबांनी अडवलं नाही. हेल्मेट तिनं घातलं, पण आतलं बटण बंद ठेवलं. मी जाताना नऊ आणि येताना नऊ किलोमीटर माफी मागितली, ती फार तर खोडदला पोचली असेल. शनिवारीही तेच. शिवाय दोन्ही दिवस ती वीस पावलं पुढं होती.

रविवारी आबा धुतलेलं धोतर नेसून सकाळीच कुठंतरी गेले. मला विचारलं असतं तर मंचरहून शेवटची एसटी कधी सुटते हे मी सांगितलं असतं. पण ते फाट्याच्या स्टँडवर जाऊन कंट्रोलरला भेटले, तिथून मंचरला गेले, तिथल्या कंट्रोलरलाही तेच विचारलं, दोघांचं जुळतंय का पाहिलं, आणि परत येताना त्याच शेवटच्या एसटीनं आले. किती वाजता फाट्यावर उतरलो ते घड्याळात बघून ठेवलं. अंधार पडता पडता घरी आले आणि ओट्यावर बसून सुनेला हाक मारली. आई दारात उभी होती. आता म्हशीला सांगायचं की नाही, हे तिला ठरवता येईना.

"येस्टी वेळेवर हाय," आबा सुनेला म्हणाले. "उद्या हो म्हणून सांग. दिवाळी-बिवाळी काय न्हाई."

ती वाकून पाया पडली.

"आन् घरात फोन घेतो," ते पुढं म्हणाले. "येस्टी चुकली तर मला सांगायचं. मला."

मी म्हणालो, "आबा, फोनची लाइन मी ओढतो की. वायर हाय माझ्याकडं."

"तू ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

फोन आला, लाल रंगाचा, आणि आबांच्या खाटेशेजारच्या कोनाड्यात बसला. पौषातल्या एका संध्याकाळी तिची एसटी पहिल्यांदा चुकली. घंटा वाजल्यावर मी उठेपर्यंत आबांनी उचलला होता. ते बराच वेळ बोलले. मधे एकदा हसलेसुद्धा. मग रिसीव्हर ठेवून चष्मा पुसायला लागले.

"काय म्हनली?" मी विचारलं.

"अवसरीला राहती म्हनली."

"एवढंच? इतका वेळ?"

"बाकीचं तुला कशाला पायजे," आबा म्हणाले आणि धार काढायला गेले.