बिबट्याच्या मालिकेवर बनुबाईंचं मत

राहात्याजवळ वस्तीवर राहणाऱ्या बनुबाईंची कालवड गेल्या वर्षी बिबट्याने उसात ओढून नेली. तेव्हापासून त्या एका जागी बसत नाहीत. रविवारी संध्याकाळी मी गेलो, तेव्हा घरात जंगलावरची ती गाजलेली मालिका चालू होती. पडद्यावर बिबट्याची मादी पिलांना चाटत होती.

"काय शूटिंग हाय, सर," बनुबाईंचा मुलगा, माझा जुना विद्यार्थी हर्षल म्हणाला. नात सृष्टीला पिलं फार गोड वाटली.

मादी गुरगुरली की बनुबाई मात्र उठून गोठ्यात जात. तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा हातातली दुधाची चरवी जेमतेम अर्धी भरली होती.

"तुम्हाला कशी वाटते मालिका?" मी विचारलं.

"चांगली हाय की. पन ह्या आवाजानं गाय पान्हा चोरती. आवाज बंद करा, मग बघा किती बघायचं ते."

"गाईला काय कळतंय टीव्हीतलं, आई?" हर्षल हसला, पण त्याने आवाज बंद केला. बनुबाई जरा टेकल्या.

तेवढ्यात गोठ्यातून गाय जोरात हंबरली. आम्ही सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं. मादी नुसताच जबडा उघडत होती.

बनुबाईंनी काठी उचलली. या वेळी हर्षल बॅटरी घेऊन त्यांच्या पुढे होता.