‘झालं’ म्हणजे कुठे झालं?

शैलजाताई सावे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या टेबलाखाली होत्या. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कार्यालयात मी मुलाखतीला आले होते. हातात प्रमाणपत्रांची फाईल होती आणि समोर फक्त दोन पावलं दिसत होती. “आलीस का? जरा ही बॅटरी धर,” असा आवाज आला. मी वाकले. एका काळ्या वायरीवर बोट ठेवून ताई तिच्या मागोमाग सरकत होत्या. “अकरा वर्षं इथे बसतेय, आणि ही कुठे जाते ते मला माहीत नाही!” वायर भिंतीतून शेजारच्या खोलीत गेली, कपाटामागे वळली आणि तिथेच संपली. कशालाही जोडलेली नव्हती. ताईंना त्याचा केवढा आनंद झाला! माझी मुलाखत त्या कपाटाला टेकूनच पार पडली.

ताई उमरोळीच्या, चिकूच्या वाडीतल्या. आयटीआय करून त्या मापन-यंत्रांच्या दुरुस्तीत शिरल्या, तेव्हा त्या खात्यात बायका नव्हत्याच. पुढे यंत्रांबरोबर त्यांना चालवणारे प्रोग्रॅम आले आणि ताई तेही लिहू लागल्या. कारखान्यात वायू गळला, टाकी भरून वाहू लागली, की भोंगा वाजवणारे प्रोग्रॅम आम्ही तयार करतो. चूक झाली तर ती कागदावर राहत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

मी रुजू झाले तेव्हा आमच्याकडे फाईली पेनड्राइव्हवरून फिरत. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘हेच अंतिम’ अशी त्यांची नावं असत. मग सगळ्यांचं काम सर्व्हरवरच्या एका सामाईक भांडारात ठेवायची पद्धत आली. प्रत्येकाने आपल्या संगणकावर त्या त्या कामाच्या शाखेत, म्हणजे त्या कामापुरत्या वेगळ्या प्रतीत, बदल करायचे, ते ‘कमिट’ करून नोंदवायचे आणि मग ‘पुश’ करून भांडारात पाठवायचे. शिकवायला आलेले गृहस्थ भराभर पुढे चालले होते. पन्नाशी ओलांडलेल्या ताईंनी हात वर केला. “कमिट केल्यावर ते आहे कुठे? माझ्याकडे की तिकडे?” “तुमच्याकडेच, मॅडम.” “आणि पुश केलं की माझ्याकडचं जातं की राहतं?” “राहतं. तिकडे त्याची प्रत पोचते.” “मग नवी शाखा पहिल्यांदा पाठवताना पत्ता का सांगावा लागतो? दुसऱ्यांदा का लागत नाही?” गृहस्थांनी खडू उचलला. पहिल्या वेळी इथल्या शाखेची तिकडच्या शाखेशी गाठ मारून ठेवली, की पुढे ती लक्षात राहते, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. तेवढ्याने ताईंचं समाधान झालं नाही. दुपारी त्यांनी आपल्या संगणकावरचं अख्खं फोल्डर मुद्दाम पुसलं आणि भांडारातून परत आणलं. न पाठवलेला एक बदल तेवढा आला नाही. “हे मला बघायचंच होतं,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या या स्वभावाचं मोल मला कळलं ते माझ्या चुकीमुळे. किनाऱ्यावरच्या एका बर्फाच्या कारखान्यासाठी आम्ही अमोनिया गळतीची सूचना देणारा प्रोग्रॅम करत होतो. त्यात एक दोष सापडला होता. वायू हुंगणाऱ्या सेन्सरची वायर निसटली, तर प्रोग्रॅम ते शून्य धरी, म्हणजे ‘सगळं ठीक’. तो दोष मी दुरुस्त केला, कमिट केला, फळ्यावर ‘झालं’ असं लिहिलं आणि बहिणीच्या हळदीला नवापूरला घरी गेले. हळदीच्या दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम कारखान्यात बसवायचा होता.

हळद ऐन रंगात असताना फोन वाजला. “तुझा बदल वाचायला बसले होते,” ताई म्हणाल्या. त्यांना दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायची हौस होती, तपासणी म्हणून नव्हे, तर कसं सोडवलं ते बघायला. “मला तो दिसत नाही गं.”

“ताई, झालाय तो. कालच झाला.”

“झाला म्हणजे कुठे झाला?”

पुश करायचं राहूनच गेलं होतं. बदल माझ्या लॅपटॉपवर होता आणि लॅपटॉप आतल्या खोलीत, पाहुण्यांच्या पिशव्यांखाली. पिवळ्या हातांनीच तो काढला. आई दारातून ओरडली, “अगो, आज तरी ठेव ना तो! तुजं काम कदी सरत नाय काय?”

पुश केलं तर भांडाराने ते परत फिरवलं. मी लिहीत होते त्या दिवसांत आमचे हिंदीभाषक सहकारी रमाकांत यांनी त्याच शाखेत आपलं काम पाठवलं होतं आणि ते माझ्याकडे नव्हतं. जबरदस्तीने पाठवायची सोय असते. मग तिकडचं पुसलं जातं आणि आपलं बसतं. “जोर लावून पाठवू का?” मी घाईने विचारलं.

“अगं, तिथे काय आहे ते बघायचं नाही का तुला?” त्या आवाजात राग नव्हता, खरीखुरी उत्सुकता होती. “आधी आण, वाचू.”

आणलं. रमाकांतनी आणखी एक भोंगा जोडला होता, बाहेरच्या शेडसाठी. तिथे बायका बर्फ फोडून मासळीच्या पेट्या भरतात. ताईंनी फोनवर त्यांनाही घेतलं. “दीदी, वहाँ अंदर का भोंपू सुनाई नहीं देता। मैंने खड़े होकर देखा है,” ते म्हणाले. मी जोर लावला असता, तर गळती कळली असती, पण शेडमधल्या बायकांना भोंगा ऐकू गेला नसता. एका ठिकाणी दोघांच्या ओळी एकमेकींवर आल्या होत्या. त्या आम्ही तिघांनी फोनवरच बसून जुळवल्या. मग पुश केलं. “थांब,” ताई म्हणाल्या आणि दुसऱ्याच संगणकावर भांडार उघडून पाहिलं. “आलं. आता जा, बहिणीला हळद लाव.”

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ताईंनी सेन्सरची वायर स्वतः उपटली. दोन्ही भोंगे कडाडले. शेडमधल्या बायका पेट्या टाकून बाहेर धावल्या. “अवो बाय, काय झाला?” सांगून ठेवायचं ताई चक्क विसरल्या होत्या! त्यांनी प्रत्येकीची हात जोडून माफी मागितली आणि लगेच विचारलं, “पण ऐकू नीट आलं ना? त्या कोपऱ्यातसुद्धा?”

पुढच्या बैठकीत आमच्या साहेबांनी विचारलं, प्रोग्रॅम बसवायच्या आदल्या दिवशी एवढी धावपळ का झाली? मी तोंड उघडणार, तोच ताई म्हणाल्या, “वाचायला मी उशिरा बसले.” ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. बाहेर आल्यावर मी रडले. त्या म्हणाल्या, “रडू नकोस. तुझी दुरुस्ती सुरेख आहे. मला ती सुचली नसती.” त्या दिवशी मी स्वतः साहेबांकडे जाऊन चूक सांगितली. कोणी सांगायला लावलं नव्हतं, म्हणूनच सांगावीशी वाटली.

निवृत्तीनंतर ताई दर गुरुवारी मासवणला जातात. तिथल्या बायका त्यांच्याकडून मोबाईलवर मुलांच्या लसींची नोंद ठेवायला शिकतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, आवाज नुसता उतू चाललेला. एका बाईंनी त्यांना विचारलं होतं, “ताय, दिवालीनंतर आमी वीटभट्टीवर जातो. तिथं रेंज नाय. तिथल्या नरसबायनी फोनात लिवला, न् इथं आशाबायनी पन लिवला, तर पोराचा खरा कंचा?”

“मी अर्धंच उत्तर देऊ शकले,” ताई म्हणाल्या. “पुढच्या गुरुवारी तू आणि रमाकांत दोघं या. बसून शोधू.” आम्ही गेलो. ते उत्तर अजून पुरतं सापडलेलं नाही, शोध चालू आहे.

ताई, आज तुमची साठी साजरी करतोय, पण ती आम्ही मोजलेली. तुमच्या चालण्याबोलण्यात ती आम्हांला दिसत नाही. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, मासवणची वाट तुम्हांला कधी लांब न वाटो, आणि तुम्हांलाही उत्तर येत नाही असे प्रश्न विचारणारी माणसं तुम्हांला शंभरीपर्यंत भेटत राहोत.