रिकामी चौकट ठेवायची नाही

टायपिंगच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत, लोक स्वतःहून आणून ठेवतात. झेरॉक्स काढायला येतात, लाइट जाते, बाकड्यावर बसतात आणि उठताना काहीतरी मागे टाकून जातात. रेडीच्या बाजारात मी आणि फिलू मिळून हे दुकान चालवतो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐका आणि तुमचं तुम्हीच ठरवा.

फिलू म्हणजे फिलोमिना. वर्डमध्ये तक्ते, फोटो, नक्षी घालण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही. तिचा नवरा जुझे सहा वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीवर गेला तो परत आला नाही. बोट सापडली, दोन खलाशी सापडले, जुझे तेवढा नाही. सासू दरवर्षी म्हणते, "गो, माझे डोळे मिटायच्या आधी चर्चात त्याच्या नावान मिस्सा सांगया, फोटोचा कार्ड काढया."

फिलूचं उत्तरही ठरलेलं. "त्याका चौकटीत मी घालूचंय नाय."

ही चौकट म्हणजे आमच्या दुकानातली काळ्या काठाची लंबगोल चौकट. गावात कोणी गेलं की आम्ही तीच जुनी फाइल उघडतो, फोटो बदलतो, नाव बदलतो, कार्ड तयार. काम झालं की फोटो काढून तिथे समईचं चित्र घालायचं आणि मगच फाइल बंद करायची, हा फिलूचा नियम. "चौकट रिकामी ठेवची नाय. कोणतरी येवन बसता." मी हसायचे.

*

काजूवाले तात्या पंच्याहत्तरीची पत्रिका करायला आले तेव्हा फिलू रजेवर होती आणि मी घाईत. कुठलीतरी फाइल पाहिजे म्हणून तीच उघडली, समई काढून तात्यांना बसवलं, मजकूर बदलला. पन्नास कार्डं छापून झाल्यावर काळा काठ तसाच राहिलेला दिसला.

तात्यांनी कार्ड लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "काळ्या काठात मी गोरो दिसतंय. रवांदे."

पंच्याहत्तरी झोकात झाली. पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा दुकानाच्या पायरीवर. "ताई, तीच फाइल उघडा. खालचा मजकूर तेवढा बदला."

मी बदलला. समई परत घालायची राहूनच गेली होती, फोटोला हातसुद्धा लावावा लागला नाही.

*

म्हातारे परब वारले, त्यांच्या वारसांचा तक्ता करायचा होता. नाव, नातं, वय, सही. भावंडं पाच, म्हणून ओळी पाच. छापल्या तर सहा.

तक्त्याच्या शेवटच्या घरात टॅब दाबला की नवी ओळ येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी फिलूला झापलं. ओळ पुसली, पुन्हा छापलं, पुन्हा सहा. "देवाशप्पत, मी टॅबाक हात लावूक नाय," ती म्हणाली. तिसऱ्या वेळी थोरल्या सुनेने, परबीणबाईंनीच कागद ओढून घेतला. "रवांदे गो ती वळ. कोणाची तरी आसतली."

चार दिवसांनी मडगावहून एक माणूस आला. नाक थेट म्हाताऱ्या परबांचं. सहाव्या ओळीवर त्याने सही केली आणि चहा पिऊन गेला. परबांकडे भांडण झालं नाही, याचंच मला जास्त नवल वाटलं.

*

शाळेच्या गुरुजींना गावाचा नकाशा हवा होता. चौकोन म्हणजे शाळा, गोल म्हणजे विहीर, बाण म्हणजे रस्ते. सगळे बाण सरळ, फक्त देवळाकडे जाणारा बाण तेवढा, फाइल उघडली की, समुद्राकडे वळलेला. फिलू तो नीट करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ती त्या बाणाकडे नुसती बघत राहिली आणि उठून चहा करायला गेली. मला तिची फार दया आली. बाण काढून मी नुसती रेघ ओढली आणि गुरुजींना नकाशा देऊन टाकला.

*

यंदा फिलूच्या सासूने अंथरूण धरलं. एका सकाळी फिलू आली ती थेट खुर्चीवर बसली आणि चौकटीची फाइल उघडली. समई काढली. जुझेचा लग्नातला फोटो घातला. कोट, पाणी लावून पाडलेला भांग, गुळगुळीत दाढी.

कागद बाहेर आला. नाव आलं, काळा काठ आला, आत पांढरं.

स्क्रीनवर जुझे हसत होता. मी फोटो काढून नव्याने घातला. मजकुराच्या पुढे घेतला, मागे नेला. दुसऱ्या प्रिंटरवर छापलं. पांढरंच. समई घातली तर वात न् वात स्वच्छ आली. मग रागाने मी माझाच फोटो घातला. तो असा झकास उठला की मी कागद टराटरा फाडला. पुन्हा जुझेला घातलं, पुन्हा पांढरं.

"पुरो आता," फिलू म्हणाली. तिने तो रिकामा कागद उचलला. "मांयक दाखवतंय. मशीन चलना नाय म्हणान सांगतंय."

मीही बरोबर गेले. दुकान माझंही आहे, दोष एकट्या तिच्या माथी का?

म्हातारी उशीला टेकून बसली होती. मोतीबिंदू काढल्यापासून ती सुईत दोरा स्वतः ओवते, तेव्हा तिला दिसत नाही असं म्हणायची सोय नव्हती. तिने कागद हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. मी प्रिंटरबद्दल काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण तिचं लक्षच नव्हतं. त्या पांढऱ्या जागेवरून ती हळूहळू अंगठा फिरवत होती. मग तिने मान वर केली.

"गो फिलू," ती म्हणाली, "ह्येणी दाढी कित्याक येवढी वाढयल्यान?"