गंगव्वा आक्काचा पुतळा आणि आमची कमिटी

चार म्हातारे चहाला बसले की निजामाच्या काळातल्या गोष्टी निघतात आणि जो तो आपण कसे शूर होतो ते सांगतो. माझ्याकडं तसलं काही नाही. माझ्याकडं पुतळा कमिटीचे किस्से आहेत. तुम्ही हसाल. मी त्या कमिटीचा सेक्रेटरी होतो, त्यामुळं मला हसायला जरा जड जातं.

पुतळा गंगव्वा आक्काचा. तामलवाडीच्या पलीकडचं आमचं गाव. देवीच्या रोगाची साथ आली की आजारी माणसाला घरचेसुद्धा शिवत नसत. आक्कानं नवऱ्यामागं राहिलेलं दुकान विकलं, रानात छपरं घातली आणि कितीतरी माणसं तिथं ठेवून जगवली. कमिटीचे अध्यक्ष शिवलिंगप्पा शेट त्यातलेच. मी शाळामास्तर, मीही त्यातलाच. आक्का गेली आणि आम्हाला एकदम उमाळा आला!

*

परवानगीसाठी तहसिलात गेलो. तिथल्या पेशकारानं, म्हणजे साहेबाच्या कारकुनानं, आमचा उर्दू अर्ज वाचला आणि चष्म्यावरून बघितलं.

"मुजस्समा? पुतला? कोई लीडर थी क्या?"

लीडर म्हटलं की तुरुंग, असे ते दिवस; शेटना घाम फुटला. "नहीं साब! मामूली औरत थी. कुछ भी नहीं थी!"

"तो फिर वैसा लिख दो."

लिहिलं मीच. 'मामूली औरत.' माझं उर्दू अक्षर तेव्हा लई सुरेख होतं!

*

मग जागा. चौकातच बसवायचा, यावर सगळ्यांचं एकमत. पण चौकासमोर शेटचं दुकान. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, आक्का आपल्याला देवासारखी. पन रोज सकाळी दुकान उघडायचं आन् समोर विधवेचं तोंड... बरं दिसतं का?"

ह्याच बाईनं तुमच्या तोंडात पेज घातली, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "मग तोंड फिरवून बसवू की!"

कमिटीला ही आयडिया फार आवडली. ठराव एकमतानं पास. बाजाराकडं पाठ, ओढ्याकडं तोंड!

*

चबुतऱ्याच्या दगडावर नावं कोरायची होती. वर तहसीलदारसाहेब, खाली अध्यक्ष, मग सगळे मेंबर, मग सेक्रेटरी. आक्काचं नाव राहिलं पार तळाला. चबुतरा बसवला तेव्हा ती ओळ मातीत गेली.

मी शेटना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "आक्काला काय, सगळेच वळखतात. आपल्याला कोन वळखतंय?"

माती तशीच राहिली.

*

शिल्पकार सोलापूरचा. आक्काचा फोटो एकही नव्हता, म्हणून तो गावात विचारत हिंडला आणि शेवटी माझ्याकडं आला.

"मास्तर, लोक म्हणतात बाईंच्या गालांवर देवीचे व्रण होते. कोरू का?"

होतेच. आक्काला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून तर ती बिनधास्त आजाऱ्यांत वावरायची. पण मी म्हणालो, "छे छे! पुतळा आहे हो. चेहरा गुळगुळीत करा."

त्यानं केला. पडदा सरकला तेव्हा लोक बघतच राहिले, इतका देखणा चेहरा!

कार्यक्रम आटोपला, गर्दी पांगली, कमिटी तेवढी राहिली. तेवढ्यात तेरहून बैलगाडीनं भिवा आला, सुनेचा हात धरून. देवीत त्याचे दोन्ही डोळे गेलेले. आक्कानं त्याला तीन महिने छपरात ठेवून वाचवला होता.

"मास्तर, आक्काच्या तोंडापत्तूर हात पोचवा माजा."

मी शाळेतलं स्टूल आणलं आणि त्याला धरून वर चढवलं. त्यानं कपाळावरून हात फिरवला. नाकावरून फिरवला. हात गालावर आला आणि थांबला. त्यानं दुसरा गाल चाचपला. परत पहिला.

मग तो हळूच खाली उतरला, माझा खांदा धरला आणि बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला,

"मास्तर, ही बाई लई झ्याक हाय. आता आक्काकडं न्या मला."