रंगवून सांगणं

पाऊस पडला, हे झालं सांगणं. पत्र्यावर घोडे उधळल्यागत पडला, हे झालं रंगवणं. त्यात खोटं काही नाही, पडलाच होता पाऊस. खोटं बोलणारा नसलेलं आणतो; रंगवणारा असलेलंच ताटभर वाढतो. माझी आई खुलताबादहून बाजार करून आली की वाटेत भेटलेल्या एका बकरीवर अख्खी संध्याकाळ काढायची. तिचंच माझ्यात उतरलंय. शाळा चौथीत सुटली माझी, पण हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

त्यामुळं उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात एक रीतच पडली. मी काही सांगितलं की ऐकणाऱ्यानं निम्मं करून घ्यायचं. मुलगा विचारायचा, "आई, हे निम्मं करून का अख्खं?" आमचे हे तर पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "पाव करा, पाव." मला त्याचा राग नव्हता. निम्मं होणार हे धरूनच मी दुप्पट वाढायची.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मुलगा-सून कामाला गेले आणि मी ह्यांना चहा दिला. बशीत ओतून प्यायची सवय त्यांना. बशी ओठाला लावली, तर चहा तोंडाच्या कोपऱ्यातून गळून सदऱ्यावर आला.

"अहो, ध्यान कुठंय?"

ते बोलायला गेले, पण शब्द नुसता तोंडात लोळला. बशी खाली पडली. उजवा हात मांडीवर तसाच, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यागत.

मी वाळूजला, मुलाच्या कंपनीत फोन लावला. "अरे, तुझे बाबा चालले रे! तोंड पार कानामागं गेलं, हात तुटून पडलाय, डोळे पांढरे झाले, घर फिरायलंय माझ्याभोवती!"

मागं मशिनी धडधडत होत्या. "आई, आई, दम घे. मागं पालीची मगर तूच केली होती ना? पित्त झालं असंल. लिंबूपाणी दे. सुट्टी झाली की करतो फोन."

फोन बंद. मी ह्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते, डोळे वटारून. 'पाव करा' म्हणायचंय पण येत नाहीये, असं वाटलं मला. जन्मभर मी सगळ्यांना निम्मं करायला शिकवलं होतं, आणि आता ह्यांचाच जीव त्यात निम्मा झाला. आता आणखी चढवून सांगू? किती चढवू? एक उपमा सुचंना.

सून क्रांती चौकात औषधाच्या दुकानात कामाला. तिला फोन लावला.

"चहा गळतोय. उजवा हात पडलाय. बोलता येईना."

ती म्हणाली, "आई, आणि?"

"आणि काही नाही."

"बाबांना हसायला सांगा."

मी म्हणलं, "अहो, हसा." ते हसले. अर्धंच तोंड हसलं; दुसरं अर्धं तसंच राहिलं, कुणी मेल्याघरी बसल्यावाणी.

"अर्धंच हसले गं."

"पाणीसुद्धा पाजू नका. मी रिक्षा घेऊन आलेच."

नंतर दवाखान्याच्या बाकावर मी तिला विचारलं, "तुला कसं गं खरं वाटलं?" ती म्हणाली, "तुम्ही इतकं कोरडं कधीच बोलत नाही, आई. मी तर हातातल्या गोळ्या तिथंच टाकल्या."

वेळेत पोचलो, असं डॉक्टर म्हणाले. हात अजून जड आहे, शब्द ओढत येतात, पण येतात. मुलानं निम्मं का अख्खं विचारणं सोडलंय. ते गेलं ह्याचंही मला भ्याव वाटतं.

भेटायला येणाऱ्या बाया म्हणतात, "काकू, सांगा ना कसं झालं." मी म्हणते, चहा गळाला, हात पडला, सून आली. त्यांचं तोंड उतरतं. पलंगावरून हे म्हणतात, "रं... गव की."

रंगवीन. पण अजून त्यांनी बशी ओठाला लावली की मी श्वास धरते, आणि घोट आत गेलेला दिसला की सोडते.