दादाने काढलेली कडी

माझ्या भावाला मारलं, असंच मी लिहिणार. ‘दुःखद निधन’ छापायचं ते इतरांनी छापलं. त्या सकाळी तिलक नगरातल्या आमच्या घरावर दगड येत होते, पुढच्या खोलीत काचांचा खच पडला होता आणि मी नि वहिनी दाराला पाठ लावून उभ्या होतो. दादा शांतपणे चपला शोधत होता. मी ओरडले, “दादा, कडी काढलीस तर माझी शपथ आहे तुला.” तर म्हणतो, “अगं, आपलीच माणसं आहेत. पैसे सुखरूप आहेत एवढं सांगून येतो.” आणि आम्हाला बाजूला सारून त्याने कडी काढली...

कारण इतकं साधं, की सांगताना अजून डोकं फिरतं. दादा जयपुरातल्या एका छोट्या बँकेचा मुख्य अधिकारी. शिवाय इथे बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांनी काढलेल्या पतसंस्थेचा सेक्रेटरी, तोही फुकट. मग वरून आदेश आला, की एका वित्तसंस्थेचा कारभार पाहणाऱ्याने दुसरीचा पाहायचा नाही. इकडची भानगड तिकडे झाकली जायला नको. बँकेवर घर चालायचं, तेव्हा संस्था सोडणं आलं. सगळ्यांनी पळवाट सुचवली, वहिनींचं नाव लावा आणि कारभार तुम्हीच बघा. मीसुद्धा म्हटलं, काय बिघडतं? दादा भडकला. “सही तिची आणि हुकूम माझा? मग नियम पाळला कशाला म्हणायचं?” असला हट्टी! लहानपणी पत्ते खेळताना स्वतःची चोरी स्वतःच सांगून आमचा सगळा डाव घालवायचा मेला.

कानोत्याच्या धरणावर संस्थेची सहल होती. जेवणं झाल्यावर उभा राहून त्याने सांगून टाकलं, आजपासून मी सेक्रेटरी नाही. नियमही समजावला, पण ऐकतंय कोण? परतीच्या बसमध्येच कुजबुज सुरू झाली, संस्था बुडणार म्हणून हा आधीच अंग काढून घेतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी दगड आले.

दार उघडलं तेव्हा समोर माधव होता, शेजारच्या गल्लीतला, दादाच्या अंगाखांद्यावर वाढलेला. त्याने हातातलं हेल्मेट दादाच्या कानशिलावर हाणलं. दादा पायरीवर कोसळला, तरी लाथा थांबेनात. मी कुणाचे केस उपटले, कुणाला चावले, आठवत नाही. तोंडात रक्ताची चव होती आणि ते माझं नव्हतं. वहिनी त्याच्यावर आडवी पडली तेव्हा कुठे पाय थांबले. दादा पुन्हा शुद्धीवर आला नाही.

माधव तुरुंगात आहे. संस्थेत ज्यांनी ज्यांनी पैसे मागितले, त्यांना ते सगळे मिळाले. बुडणार होतंच काय?

गेल्या आठवड्यात त्या गर्दीतलेच काहीजण पायरीशी येऊन उभे राहिले. संस्था चालवायला कुणी नाही, वहिनी, तुम्हीच सेक्रेटरी व्हा... मतलब, दादांच्या जागी. मी स्वयंपाकघरातला बत्ता घेऊन धावले. एकाचं तरी डोकं फोडलंच असतं, पण वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं.  मग त्यांना म्हणाली, “होईन मी. आता नियमात बसतं.”



आता रोज सकाळी ती संस्थेचं काम घेऊन पुढच्या खोलीत बसते. दार सताड उघडं. कडी लावू देत नाही; यांनी काढली ती काढलेलीच राहू दे, म्हणते. मी तिच्या शेजारी बसते, दाराकडे तोंड करून. बत्ता मांडीवर असतो.