गुण्यातला कोपरा

शिरूरहून न्हावऱ्याकडं निघालं की रस्त्याच्या डाव्या अंगाला, जमिनीखाली, काचेची वायर आहे. ती मी पुरली. एसटीत खिडकी मिळाली की मी अजून डावीकडंच बघत बसतो. बघण्यासारखं काही नाही. बाभळी, कुणाचा तरी कांदा, मधेच केबलच्या खुणेचा एखादा रूटचा दगड. पण माणूस आपलं काम बघतो.

माझं शिक्षण तिसरी. तेसुद्धा पूर्ण नाही, कारण चौथीच्या आधीच मेंढरं वाड्यावर न्यायची वेळ आली. बापानं जन्मभर मेंढरं वळवली. मेंढरू काही सरळ जात नाही. त्यामुळं असेल कदाचित, मला सरळ रेषेचं लहानपणापासून वेड. पुढं मेंढरं गेली, थोडी शेती राहिली आणि मी खोदाईच्या कामावर मुकादम झालो. बायामाणसं धरून अकराजणांची माझी गँग होती. पाण्याच्या पाइपलाइनी केल्या, मग टेलिफोनची ही काचेची, आतनं उजेड धावणारी केबल आली.

माझ्या पिशवीत भाकरीच्या फडक्याबरोबर गवंड्याचा गुण्या असायचा. कोपरा बरोबर काटकोनात आहे का ते बघायचं लोखंडी हत्यार. भिंत बांधणारा गुण्या लावतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण चारी खोदणारा गुण्या लावतो हे कुणी पाहिलं नव्हतं. लोक हसायचे. हसू द्या. माझी चारी बघितली तर पट्टीनं आखल्यासारखी. मातीनं बुजवायची गोष्ट असली तरी बुजवायच्या आधी मी एकदा मागं वळून बघायचो.

केबलच्या कामावर पहिल्या दिवशी साहेबानं सांगितलं होतं, "मुकादम, हिला मोडायचं नाही. वळण आलं तर बैलगाडी वळते तसं ऐसपैस घ्या." मी मान डोलावली. पण शिरूरच्या ऑफिसापासून सहा किलोमीटरच्या अलीकडं एक मोरी लागते, तिथं खाली काळा खडक निघाला. ऐसपैस वळायचं म्हणजे दोन दिवस छिन्नी-हातोडा. शिवाय गोल वळण घेतलेली चारी मला बघवत नाही, पिऊन खोदल्यासारखी दिसते. मी शिरूरातून लोखंडी पाइप आणला आणि त्याला एक एल्बो. शेतातल्या पाइपलाइनीला आपण लावतो तोच. पाणी एल्बोतनं वळतं, एक थेंब सांडत नाही, मग उजेडाला काय धाड भरली? उजेडाला तर वजनबी नाही. आधी केबल एल्बोतनं ओवून घेतली, मग पाइप आवळले. गुण्या लावून पाहिला, मधे नखसुद्धा जात नव्हतं. साहेब त्या दिवशी पुण्याला गेले होते. मी माती लोटली.

त्याच्या पुढं तीस मीटरवर माझी हद्द संपली आणि दौंडच्या भाईंची सुरू झाली. भाई म्हणजे दौंडचे मुकादम, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, पण दाढीला मेंदी लावत असल्यामुळं ते पटत नाही. त्यांची चारी ओढ्यासारखी. दगड आला की बाजूनं, झाड आलं की बाजूनं. मी एकदा विचारलं, "भाई, तुमची चारी शेळीनं खणली का काय?"

"शेळीला तरी कळतं आबा, कुठनं जावं," ते म्हणाले. "तुम्ही दगडाला बी शिस्त लावाया निघालाय."

असं आमचं चालायचं.

सात-आठ वर्षं गेली. केबल चालली. रांजणगावला कंपन्या वाढल्या, फोन वाढले, कॉम्प्युटर आले, आणि त्या जुन्या काचेतनंच जास्त माल पाठवायचा म्हणून ऑफिसात उजेड सोडणाऱ्या नव्या पेट्या बसवायचं ठरलं. त्याच वेळी कुरकुंभकडं नवी लाइन जाणार होती. ठेकेदारानं आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, आधी जुनी लाइन तपासू, ज्याचा टप्पा स्वच्छ निघेल त्याच्या गँगला कुरकुंभ.

मला ते काम पाहिजे होतं. गँग पांगायला लागली होती. दोघं कारेगावात खोली करून कंपनीच्या बसनं शिफ्टला जायला लागले होते, बाकीचे रोज विचारायचे, "आबा, काम कवा?" मी सांगायचो, "माझ्या चारीत फॉल्ट निघत न्हाई. कुरकुंभ आपलंच." एवढं छातीठोक सांगून बसलो होतो.

तपासायला एक मॅडम आल्या. शिरूरच्याच, सायकलच्या दुकानवाल्याची लेक, इंजिनेर झालेली. मला आबा म्हणायच्या आणि भाईंना चाचा. त्यांच्याजवळ सुटकेसएवढी मशीन. तिचा एक धागा केबलला जोडला की ती आत लेझरचा उजेड सोडते. मी वाकून बघायला गेलो तर मॅडमनी हात आडवा घातला. "आबा, डोळा नका लावू. हा उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो."

"दिसत न्हाई तर तो उजेड कसला?" मी म्हटलं.

त्यांनी समजावलं. लेझर म्हणजे सगळा उजेड एका चालीचा, एका रंगाचा, इकडंतिकडं न पसरता पुढं जाणारा. मशीन त्याचा एक ठोका सोडते आणि आतून थोडाथोडा परत येणारा उजेड ऐकत बसते. किती वेळानं आला त्यावरून किती लांबून आला ते कळतं. हे मला लगेच समजलं. मेंढरं चारताना आम्ही डोंगराला हाक मारायचो आणि हाक परत यायला किती वेळ लागतो त्यावरून डोंगर किती लांब आहे ते ठरवायचो. फक्त आमची हाक सावकाश जायची.

मशीनच्या काचेवर एक रेघ उतरत गेली आणि एके ठिकाणी पायरीसारखी खाली पडली. उजेड तिथं सांडत होता. मॅडमनी आकडा वाचला, सहा हजार एकशे तीस मीटर.

माझी हद्द सहा हजारावर संपते. म्हणजे फॉल्ट भाईंच्या टप्प्यात. मी मोरीजवळच्या टपरीवर सगळ्यांना चहा सांगितला, भाईंच्या गँगला सुद्धा, आणि भाईंना म्हटलं, "शेळीला इचारा, कुठं अडखळली."

भाईंच्या माणसांनी हद्दीच्या दगडापासून एकशेतीस मीटर टेप लावला आणि खड्डा घेतला. केबल उघडी केली. सरळ, निवांत पडलेली. कुठं चेंगरलेली नाही, उंदरानं कुरतडलेली नाही. अजून दहा हात पुढं उकरलं, दहा हात मागं. काही नाही. मॅडम टपरीच्या बाकावर बसून पेनानं कपाळ खाजवायला लागल्या.

भाई हात झटकत आले. "मॅडम, माझी वायर ठीक हाय. ह्यांनी मागं काय काय पुरून ठेवलंय ते इचारा. नकाशात तर काय बी न्हाई."

"आठवेल का आबांना?" मॅडम म्हणाल्या.

"कुठलं आठवतंय," भाई म्हणाले. "वय झालं आता त्यांचं."

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण दोन वर्षांनी मोठा माणूस, दाढीला मेंदी लावून, माझं वय काढतो, हे मला सहन झालं नाही.

"लिव्हा मॅडम," मी म्हटलं. "पहिल्या जॉइंटच्या खड्ड्यात केबलची वेटोळी, वीस मीटर. पुढं कवा तोडायला-जोडायला लागली तर म्हणून ठेवत्यात ती. दुसऱ्या जॉइंटला वीस. त्याच खड्ड्यात ड्रमवरची उरलेली केबल, शंभर मीटर. साहेब म्हणाले कापून टाका. मी न्हाई कापली. नवी केबल कोण कापतं? गोल गुंडाळून आत ठिवली, वर फरशी. मोरीच्या अलीकडं आणिक वीस. हिशेब घ्या. एक मीटर इकडंतिकडं निघाला तर माझं नाव लावू नका."

मॅडम वर्तमानपत्राच्या कडेला लिहीत होत्या. चाळीस, एकशे चाळीस, एकशे साठ. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे उजेड एकशे साठ मीटर नुसता गोल फिरला. रस्ता तेवढा पुढं गेलाच नाही."

"व्हय," मी म्हटलं. अजूनही फुशारकीतच.

"सहा हजार एकशेतीसातून एकशे साठ गेले की राहिले पाच हजार नऊशे सत्तर." त्यांनी वर पाहिलं. "चाचांच्या हद्दीच्या तीस मीटर अलीकडं. तिथं काय आहे आबा?"

भाईंनी कप खाली ठेवला. माझी गँग माझ्याकडं बघत होती. समोर मोरी होती. वरती गवत वाढलेलं, खाली काय आहे ते जगात मला एकट्याला ठाऊक. नुसतं "काय न्हाई" म्हटलं असतं तर अजून चार दिवस भाईंचा टप्पा उकरला गेला असता. पण आत्ताच माझं नाव लावून बोललो होतो.

"कोपरा हाय," मी म्हटलं.

"कसा कोपरा?"

"चांगला हाय. गुण्यात हाय."

भाई हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत, त्याचाच जास्त राग आला. मग मी भांडायला लागलो. सात वर्षं त्याच कोपऱ्यातनं फोन गेले का नाही? गेले. मग आजच उजेडाला कोपरा का खुपतो?

मॅडमनी वाद घातला नाही. टपरीवाल्याकडनं पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली, स्टोव्हवर सुई तापवून बुडाजवळ बाजूला भोक पाडलं आणि आम्हाला टपरीमागच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन दार ओढलं. आत अंधार झाला. बाटलीतनं पाण्याची बारीक धार वाकून खाली पडत होती. मॅडमच्या किल्ल्यांना लाल लेझरचा छोटा दिवा होता, जत्रेत मिळायचा तसला. तो त्यांनी बाटलीच्या पलीकडनं भोकावर धरला. आणि उजेड सरळ जायचा सोडून पाण्याबरोबर वाकला. धार जशी वाकली तसा वाकला. मी खाली हात धरला तर तळहातावर पाणी आणि पाण्यात लाल ठिपका.

मी हात काढला नाही. बाटली रिकामी होईपर्यंत धरून राहिलो. मग म्हटलं, "पुन्हा भरा."

"चपटा दगड नदीवर तिरपा फेकला की काय होतं?" बाटली भरता भरता मॅडमनी विचारलं.

"उड्या मारीत जातो." घोड नदीवर आमचं बालपण त्यातच गेलं.

"आणि उभा फेकला तर?"

"बुडतो."

"काचेतही तसंच. आतल्या काचेला बाहेरनं दुसऱ्या काचेचं कवच असतं. उजेड त्या कवचाला तिरपा लागला की परत आत उडी मारतो. वळण ऐसपैस असलं तर तो तिरपाच लागत राहतो. वळण घट्ट झालं की उभा लागतो." त्यांनी धारेला बोट लावलं. धार फुटली आणि त्यांचं बोट लाल झालं. "की सांडला."

"मग सात वर्षं?"

"जुन्या पेट्यांचा उजेड आखूड लाटेचा. तो काचेच्या मधोमध, आवरून जातो. नव्यांचा लांब लाटेचा. तो दूरवर पोचतो, पण जाताना जरा फैलावून जातो, कडा धरून."

मला कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर डोळ्यापुढं आले. मोकळी बैलगाडी कुठल्याही बोळातनं वळते. मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, असा ट्रॅक्टर त्याच बोळात घाला, निम्मा ऊस कोपऱ्यावरच्या घराच्या ओट्यावर. मी हे बोललो तर मॅडम म्हणाल्या, "आबा, हे मी उद्या ऑफिसात सांगणार." तेवढं बरं वाटलं.

एल्बो आम्हीच काढला. माझ्या गँगनं. खडक फोडायला दोन दिवस लागले, जे सात वर्षांपूर्वी लागायचे तेच. ऐसपैस वळण घेतलं, केबल नव्यानं निजवली, मशीननं हाक मारली आणि रेघ पायरी न घेता उतरली. बुजवायच्या आधी मी सवयीनं मागं वळून पाहिलं. पिऊन खोदल्यासारखंच दिसत होतं.

कुरकुंभ भाईंना गेलं. नेमाप्रमाणं गेलं, मला बोलायला जागा नव्हती. माझे सहाजण त्यांच्याकडं कामाला गेले. जाताना विचारून गेले, एवढी तरी अब्रू राहिली. भाईंनी त्यांच्या हाती निरोप पाठवला, "आबांना म्हणावं या, इकडं वळणं लई हायती." टोमणा होता का बोलावणं, ते मला कळलं नाही, म्हणून मी तीन आठवडे गेलो नाही. मग एक दिवस दौंडला दुसऱ्या कामासाठी गेलो होतो, ते सहज म्हणून कुरकुंभपर्यंत गेलो. दुसरं काम काय होतं ते आता आठवत नाही.

हायवेच्या कडेला चारी चालली होती. भाईंनी मला बघून न बघितल्यासारखं केलं आणि एका बाईला चहा आणायला पिटाळलं. मी चारीच्या कडेनं चालत गेलो. तिसरं वळण घट्ट होतं.

"भाई, हे चालणार न्हाई."

"चालतंय आबा. गोल हाय की."

"गोल न्हाई. नुसतं वाकडं हाय. इथं उजेड उभा लागंल."

भाई कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मग घ्या की तुम्हीच."

मी पिशवी खाली ठेवली. त्यात गुण्या होता, सवयीनं आलेला, तो आतच राहू दिला. एक खुंटी मागितली, सुतळी मागितली. बाजूच्या पडीक रानात खुंटी ठोकली, सुतळी ताणून धरली आणि दुसऱ्या टोकाला टोकदार गज बांधून जमिनीवर रेघ मारत निघालो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुतळी कुठं ढिली न पडू देता. माझी माणसं टिकाव टेकून बघत राहिली.

"आयला," भाई म्हणाले, "ह्यो तर गोल बी मोजून काढतोय."

"वाकडं काढायचं तर ते बी नीट काढावं," मी म्हटलं, आणि रेघेवर पहिला टिकाव मीच मारला.